टँक हलवला की चौथ्या दिवशी मासे का मरतात?

भाड्याच्या घरात खाऱ्या पाण्याचा टँक म्हणजे दर अकरा महिन्यांनी जीव टांगणीला. ॲग्रीमेंट संपत आलं की मालकाचा फोन येतो, आणि सामानाच्या यादीत कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीनच्या खाली आपण हळूच लिहितो, ‘टँक’. माझा तीन फुटी टँक आतापर्यंत तीनदा हललाय. आधी डोंबिवलीहून ठाण्याला, मग ठाण्यातल्या ठाण्यात दोन किलोमीटर, आणि नुकताच ठाण्याहून पुण्याला. पहिल्या दोन वेळी मासे मेले, तेही अगदी एकाच वेळापत्रकाने. पहिला दिवस मस्त. दुसराही मस्त, आपण फोटो काढून भावाला पाठवतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मासे खाणं तोंडात घेऊन थुंकून टाकतात. चौथ्या दिवशी सकाळी एक तळाशी आडवा.

तिसऱ्या वेळी, म्हणजे दीडशे किलोमीटर आणि मध्ये खंडाळ्याचा घाट असताना, एकही मासा गेला नाही. त्यात नेमकं काय वेगळं केलं ते खाली लिहिलंय. पण आधी ज्यांच्याकडे आज चौथा दिवस उजाडलाय त्यांच्यासाठी.

मासे आत्ता धापा टाकत असतील तर

आमच्या घरी हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. ती सकाळचा चहा टँकसमोरच घेते. म्हणाली, “अगं, हा बघ कसा धापा टाकतोय, दम्याच्या पेशंटसारखा.” क्लाउन मासा एका कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात उभा होता, तोंड उघडं, कल्ले भराभर उघडझाप करत होते. हे दिसलं की टेस्ट किट शोधण्याआधी एअर पंप लावा. वेव्हमेकरचं (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड वर करा म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग उसळत राहील. खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. २७ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, समुद्राच्या पाण्यात साधारण साडेसहा. अमोनियाने, म्हणजे विष्ठा आणि सडण्यातून पाण्यात येणाऱ्या विषाने, कल्ले भाजलेल्या माशाला तेवढाही पुरत नाही.

मग अमोनिया टेस्ट करा. रंग पिवळा म्हणजे अमोनिया नाही, जितका हिरवा तितका जास्त. पिवळा असेल तर कारण दुसरं काहीतरी आहे. स्पष्ट हिरवा असेल तर अर्धं पाणी बदलायचं. नवं पाणी त्याच खारटपणाचं आणि त्याच तापमानाचं हवं. मिठाचं पाणी एरवी मी आदल्या दिवशी करून फिरत ठेवते, पण अडीअडचणीला मीठ पूर्ण विरघळून पाणी काचेसारखं दिसलं की दोन-तीन तासांचंही चालतं. खाणं बंद. मेलेला मासा, मेलेली गोगलगाय शोधून बाहेर काढायची. वाळूला हात लावायचा नाही, आज तरी अजिबात नाही.

आणि एक चूक, जी मी स्वतः केलीय. पीएच ७.९ दिसला म्हणून घाबरून बफर (पीएच वाढवणारी पावडर) टाकू नका. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एक विषारी आणि दुसरं तुलनेने निरुपद्रवी. पीएच ७ ला विषारी भाग एक टक्काही नसतो, ८.२ ला तो सात-आठ टक्क्यांवर जातो. म्हणजे पाण्यात अमोनिया असताना पीएच वर ढकलणं म्हणजे माशांना आगीतून फुफाट्यात टाकणं. पीएचकडे आठवड्याने बघा.

मासा कधी मेला?

‘शिफ्टिंगमध्ये मासे मेले’ एवढ्यावरून काही कळत नाही. कितव्या दिवशी मेले ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं.

पहिल्या काही तासांत गेले तर खारटपणा, तापमान किंवा ऑक्सिजन. बादलीत एअर स्टोन न लावता पाच मासे तीन तास ठेवले, किंवा गाडीच्या एसीचा झोत थेट डब्यावर मारला, तर हे होतं. खारटपणाचं एक लक्षात ठेवा. मासे थोड्या कमी खारट पाण्यात लवकर उतरवता येतात, पण जास्त खारट पाण्यात चढवायचे तर सावकाश. मी ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) धरते, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ. हे मोजायला काटा वर-खाली होणारं प्लास्टिकचं हायड्रोमीटर वापरत असाल तर त्यावर फार विसंबू नका, काट्यावर एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यावरून खारटपणा दाखवणारं उपकरण) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या.

तीन ते सहा दिवसांत गेले तर अमोनिया. हा सगळा लेख त्याबद्दलच आहे.

दोन-तीन आठवड्यांनी, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येऊन गेले तर तो क्रिप्टोकॅरियॉन, ज्याला आपण इक म्हणतो. तो शिफ्टिंगमुळे ‘तयार’ होत नाही, टँकमध्ये आधीपासून असतो, दमलेल्या माशांवर जोर धरतो. त्याचा इलाज वेगळ्या टँकमध्ये करायचा. तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये टाकलंत तर कोळंबी आणि गोगलगायी आधी जातील.

आणि फायरफिश जातीचा मासा सकाळी टँकमध्ये दिसतच नसेल तर स्टँडच्या मागे बघा. नव्या जागी पहिल्या रात्री तो हमखास उडी मारतो. माझा पहिला फायरफिश अमोनियाने नाही, उघड्या झाकणाने गेला. वर जाळी टाका.

मी कोणाकोणावर संशय घेतला

डोंबिवली-ठाण्याच्या वेळी पाच माशांतले तीन गेले. माझा पहिला संशय नव्या पाण्यावर. म्हणजे बघा, मी जुनं पाणी जवळजवळ सगळं नेलं होतं, पाण्याच्या वीस-वीस लिटरच्या जारमधून, सहा जार. कमी पडलं तेवढंच नवं. तरी वाटलं, नव्या घरच्या आरओमध्येच काहीतरी असणार. दुसरा संशय कॅनिस्टर फिल्टरवर, म्हणजे टँकबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरवर, आणि तो बऱ्यापैकी खरा निघाला. फिल्टर बंद करून, पाणी आत तसंच ठेवून, मी तो सात तास ट्रकमध्ये ठेवला होता. आत कोंडलेल्या पाण्यातला ऑक्सिजन फिल्टरमधले अमोनिया खाणारे जिवाणू थोड्या वेळात संपवतात, मग तेच मरायला लागतात. नव्या घरी झाकण उघडलं तेव्हा सडक्या अंड्याचा वास आला. आणि मी ते सगळं, वासासकट, टँकला जोडलं.

म्हणून दुसऱ्या वेळी कॅनिस्टरच काढून टाकला आणि टँकच्या खाली छोटा संप (पाणी गाळायचं सामान ठेवायची जोडटाकी) केला. अंतर दोन किलोमीटर. मासे दीड तासात नव्या घरी. आरओ तोच, मीठ तेच, स्पंज ओला आणि हवा खेळती. आता काय होणार होतं?

पॅकर्सची पोरं हुशार होती. “मॅडम, वाळू राहू द्या की आत, थोडं पाणीपण राहू द्या, चौघं उचलतो.” मला ते फारच सोयीचं वाटलं. तीस किलो वाळू उपसायची, परत भरायची, कोणी सांगितलंय? दहा एमएमच्या काचेचा तीन फुटी टँक रिकामाच चाळीस किलोच्या वर भरतो. त्यात वाळू आणि चार इंच पाणी, म्हणजे शंभर किलो सहज पार. लिफ्टमध्ये तिरका केला, टेम्पोत चढवला, उतरवला. तळाची काच तडकली नाही, सिलिकॉनचा जोड उकलला नाही, हे नशीब. चौथ्या दिवशी फायरफिशची जोडी आणि क्लीनर कोळंबी गेली.

खरं सांगायचं तर या दुसऱ्या वेळेनेच डोळे उघडले. अंतर नाही, प्रवास नाही, फिल्टर नाही, पाणी नाही. दोन्ही वेळी एकच गोष्ट समान होती. जुनी वाळू जशीच्या तशी नव्या घरी गेली होती, आणि वाटेत ती ढवळली गेली होती.

वाळूत काय असतं

वर्षभर चाललेल्या टँकची वाळू वरून पांढरी दिसते. काचेला नाक लावून बाजूने बघा. वरचा सेंटिमीटरभर थर स्वच्छ, त्याखाली करडा, आणि खडकांच्या मागे, जिथे पाणी फिरत नाही तिथे, काळे डाग. वर ऑक्सिजन आहे, खाली नाही. माशांची विष्ठा, न खाल्लेलं खाणं, मेलेले किडे, एखादी वाळूत गेली ती परत आलीच नाही अशी गोगलगाय, हे सगळं खाली मुरत जातं. तिथलं सडणं सावकाश चालतं, आणि त्यातून निघणारा अमोनिया कणांमधल्या पाण्यात कोंडून राहतो. काळ्या जागी हायड्रोजन सल्फाइडही असतो, सडक्या अंड्याचा वास त्याचाच. हात लावला नाही तर वरच्या थरातले जिवाणू बाहेर झिरपणारं सगळं खाऊन टाकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. टँक शांत असतो तो याच भरवशावर.

हा थर ढवळला की वर्षभराचा साठा एकदम पाण्यात येतो. मग पहिल्याच दिवशी मासे का मरत नाहीत? थोडा अमोनिया लगेच येतो, तो खडकावरचे जिवाणू कसेबसे झेलतात. पण सेंद्रिय गाळ आता वर, ऑक्सिजनमध्ये आला, आणि तो झपाट्याने सडायला लागतो. त्यातच खडक काही तास कोरडा राहिला, तर त्यावरचे स्पंज आणि बारीक किडे मरतात, तेही सडायला लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमोनिया जिवाणूंच्या हाताबाहेर जातो. माझं चौथ्या दिवसाचं वेळापत्रक असं जुळतं.

आणि जुन्या पाण्याचं काय? ते जपून नेण्याचा आपल्याकडे फार आग्रह असतो, मलाही होता. पण अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते खडकावर, स्पंजवर, वाळूच्या कणांवर, अगदी काचेवर आणि पाइपच्या आत चिकटलेले असतात. जुनं पाणी नेल्याने खारटपणा आणि क्षारांचं प्रमाण फार बदलत नाही, मिठाचे पैसे वाचतात, इतकंच. अर्धं नेलं तरी पुष्कळ.

बरण्यांची चाचणी

पुण्याला जायचं ठरलं तेव्हा हा सगळा तर्कच होता. म्हणून दोन महिने आधी लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या घेतल्या. साबणाने नाही, नुसत्या गरम पाण्याने तीनदा धुतल्या. प्रत्येकीत एक लिटर नवं खारं पाणी. पहिलीत बाकी काही नाही. दुसरीत वाटीभर वाळू, मोकळ्या जागेतली, नुसत्या वरच्या थराची. तिसरीत वाटीभर वाळू खडकाच्या मागून, तळापर्यंत खरवडून. झाकणं लावून अर्धा मिनिट हलवल्या आणि तासभर ओट्यावर ठेवल्या. तिसरीतलं पाणी चहासारखं झालं होतं. टेस्टसाठी ते सुती कापडातून गाळून घ्या, नाहीतर गढूळपणामुळे रंग चुकीचा वाचला जातो.

पहिली बरणी पिवळी. ही नुसत्या पाण्याची बरणी टाळू नका, कारण काही मिठांच्या ताज्या पाण्यातच अमोनियाचा अंश असतो आणि मग उगाच वाळूवर आळ येतो. दुसरी किंचित हिरवट, ०.२५ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) जवळ. तिसरी गडद हिरवी, कार्डावर २ च्या खान्याशी जुळणारी. ही फक्त एका वाटीची गोष्ट. टँकमध्ये अशा शंभरएक वाट्या वाळू होती.

तुमचा टँक हलवायचा असेल तर आधी हे करा. दीडेक तास लागतो. तिसरी बरणीही पिवळी राहिली, तर तुमची वाळू स्वच्छ आहे आणि माझं पुढचं म्हणणं तुम्हाला तितकं लागू नाही. टँक सहा महिन्यांपेक्षा नवा असेल तर असं होऊ शकतं.

तिसऱ्या वेळी काय केलं

वाळू आधीच काढून टाकली. शिफ्टिंगच्या दिवशी नाही, त्याआधी सहा आठवड्यांपासून. दर रविवारी पाणी बदलताना एक इंची पाइप वाळूत घुसवायचा आणि पाण्याबरोबर वाळूही बादलीत ओढायची, एका वेळी टँकचा पाचवा-सहावा भाग, त्यापेक्षा जास्त नाही. पाइप तळाला टेकवून चालवला की गाळ ढवळायच्या आत पाइपमध्ये जातो. एकदम सगळी काढली असती तर वाळूवरचे जिवाणूही एकदम गेले असते. सहा आठवड्यांत तेवढं काम खडकावरच्या आणि संपमधल्या जिवाणूंनी अंगावर घेतलं. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी अमोनिया बघितला, एकदाच हिरवट झाक आली, त्या आठवड्यात खाणं निम्मं केलं. शेवटच्या रविवारी टँकचा तळ उघडा, काच दिसणारी, भुंडा. दिसायला वाईट, हे कबूल. आई म्हणाली, “फरशीवर मासे सोडल्यासारखे वाटतात.”

ज्यांच्याकडे सहा आठवडे नाहीत त्यांनी त्या दिवशी वाळू पूर्ण काढावी आणि एकतर फेकावी, नाहीतर नळाखाली पाणी नितळ होईस्तोवर धुवावी. धुण्याने त्यातले जिवाणू मरतात, मरू द्या. खडक पुरेसा असेल आणि मासे थोडे असतील तर टँक निभावतो. खडकच नसलेल्या, नुसत्या वाळूवर चाललेल्या टँकला मात्र हे चालणार नाही, तिथे चालता स्पंज फिल्टर महिनाभर आधी लावून ठेवायला हवा.

खडकाबद्दल जाता जाता. माझा खडक कोरडा विकत घेऊन जिवाणूंनी भरवलेला आहे. समुद्रातून काढलेला, प्रवाळ असलेला खडक कोणी ‘लाइव्ह रॉक’ म्हणून स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. खडक बनवणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रघोडेही तिथेच. क्लाउनचं तसं नाही, त्याचं प्रजनन आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसवलेलं आहे. टँकमध्ये जन्मलेला क्लाउन मागूनच घ्या, तो प्रवासही जास्त सोसतो.

शनिवार निवडला. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे पुण्यात कोणाला सांगायला नको, आणि नव्या घरी पहिले दोन दिवस लाइट जाणं परवडणारं नव्हतं. माशांना दीड दिवस आधीपासून उपास. रिकाम्या पोटी विष्ठा कमी, म्हणजे डब्यातला अमोनिया कमी.

सकाळी सहाला सुरुवात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वच्छ पाणी काढून जारमध्ये भरलं, काहीही हलवायच्या आधी. मग खडक एकेक करून त्याच पाण्याच्या बादलीत खळबळून गाळ झाडला आणि झाकणाच्या दोन मोठ्या डब्यांत, पाण्यात बुडवून ठेवला. प्रत्येक डब्यात बॅटरीवर चालणारा एअर पंप. मासे सगळ्यात शेवटी, कारण खडक काढल्यावर ते पकडायला दोन मिनिटं लागतात, आधी पकडायला गेलं तर दोन तास. मासे कोळणीकडून मागून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात. खोकं उन्हात दोन दिवस वाळवलं, आत जाड प्लास्टिकची पिशवी घातली, त्यात पंधरा लिटर पाणी आणि एअर स्टोन. पिशव्यांत बंद करायची गरज नाही, गाडीत आपल्या पायाशी राहणार असतील तर उघड्या पाण्यात हवा खेळती ठेवणं बरं. संपमधला स्पंज खडकाच्या डब्यात, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) रिकामा करून.

रिकामा टँक पोरांनी पांघरुणात गुंडाळून उभा नेला, टेम्पोत. मासे आणि खडक माझ्या गाडीत. एसी २६ वर, खोक्यात बुडवलेला छोटा थर्मामीटर, तो मी घाट संपेपर्यंत दर दहा मिनिटांनी बघत होते. अमृतांजन पुलाच्या जागेपाशी ट्रॅफिक तुंबला तेव्हा पोटात गोळा आला, पण पाणी २६.५ वरून २५.८ झालं, बस.

नव्या घरी

स्टँड आधी एकटा ठेवायचा आणि स्पिरिट लेव्हल लावायची, टँक वर चढवल्यावर नाही. आमच्या नव्या घराच्या फरशीला बाल्कनीकडे उतार होता, तीन फुटांत पाच मिलिमीटर. स्टँडच्या पायांखाली पातळ प्लायच्या पट्ट्या घातल्या, वर फोमची शीट, मग टँक.

पाणी पुण्यातलं घ्यायचं होतं ते आठवडाभर आधी करून ठेवलं. इथे पाण्याची भानगड अशी, की सोसायटीच्या टाकीत नळाचं आणि टँकरचं पाणी एकत्र पडतं. माझ्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर एका दिवशी १२० आणि दोन दिवसांनी ४८०. घरातला पिण्याचा आरओ यावर उपाय नाही. त्यात चव यावी म्हणून बरेचदा थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं, बाहेर ४०-५० टीडीएस येतो. पिण्यासाठी ठीक. टँकसाठी मीटरवर शून्य दिसलं पाहिजे, त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचं) भांडं लावा. मीठ लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, पण शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा. काही जण म्हणतात अलिबागहून कॅन भरून आणायचं. किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ असतं आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे त्याचा खारटपणा उतरतो. त्या भानगडीत मी पडत नाही.

आधी खडक, मग जुनं पाणी, मग नवं, मग हीटर आणि वेव्हमेकर, अर्ध्या तासाने खारटपणा मोजून मासे. रात्री साडेनऊला शेवटचा क्लाउन सोडला. लाइट लावला नाही.

पुढचे दहा दिवस रोज सकाळी अमोनिया. खाणं तिसऱ्या दिवशी चिमूटभर, मग एक दिवसाआड. पन्नास लिटर पाणी झाकून तयार ठेवलेलं होतं, लागलंच तर. लागलं नाही. चौथ्या दिवशी मी सहाला उठले, तर आई आधीच टँकसमोर, चहाचा कप हातात, बोटाने मोजत होती. “सगळे आहेत गं.” टेस्टचा रंग पिवळा. सहाव्या दिवशी नायट्राइट थोडं दिसलं. गोड्या पाण्यात ते दिसलं तर घाबरायला हवं, खाऱ्या पाण्यात क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, त्यामुळे थोड्याशा नायट्राइटने मासे मरत नाहीत. फक्त टँक अजून सावरतोय एवढं कळतं.

स्किमर पहिले चार दिवस नुसता फेसाळून ओतत होता. हात लावू नका, पाण्याची पातळी संपमध्ये एकसारखी झाली की तो आपोआप वळणावर येतो.

नवी वाळू तीन आठवड्यांनी घातली. आरओच्या पाण्याने धुतलेली, पीव्हीसी पाइपमधून हळूहळू खाली सोडलेली, दीड इंचाच्या वर नाही. पातळ थर दर आठवड्याला पाइपने खालपर्यंत उपसता येतो, काळा डाग पडायला वेळच मिळत नाही. गोगलगायी मोजून सोडल्यात, आठ. दर महिन्याला मोजते. सात भरल्या तर आठवी सापडेपर्यंत खडक हलवायचा.

वाळू घातल्यावर बारा दिवसांनी काचेवर आणि वाळूवर तपकिरी पावडर चढली, बोटाने पुसली की जाते, दुसऱ्या दिवशी परत. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल. नव्या वाळूतून आणि रेझिन संपत आलेल्या पाण्यातून सिलिकेट मिळालं की ते येतात, संपलं की जातात. मी रेझिन बदललंय, मीटर परत शून्यावर आलाय, काच रोज पुसतेय. अजून तीन आठवड्यांत गेलं नाही, तर वाळू नीट धुतली नव्हती असं समजून थोडी काढून बघणार आहे. बरण्या धुवून ठेवल्यात.